लॅबला घेऊन वेताळ टेकडी आणि मग सिंहगड? थोडं थांबा, सांगते

तुमचा प्रश्न असा ना, की १४ महिन्यांचा लॅब, म्हणजे लॅब्राडोर कुत्रा आहे, वजन ३८ किलो, सोसायटीच्या आवारात सकाळ-संध्याकाळ पंधरा-वीस मिनिटं फिरतो, घरी सोफा कुरतडतो, म्हणून त्याची एनर्जी जिरवायला येत्या रविवारी पुण्यातली वेताळ टेकडी आणि महिन्याभरात सिंहगड करायचाय, तर सामान काय काय घ्यावं. सामानाचं नंतर बघू हो, तो यातला सगळ्यात सोपा भाग आहे.

आधी माझ्याबद्दल दोन वाक्यं, म्हणजे कोणाचं ऐकताय ते कळेल. मी कोथरूडला राहते, १८ वर्षं कुत्र्यांचं ट्रेनिंग करते, आणि आत्ता माझा तिसरा कुत्रा टेकडी चढतोय. पहिला बंड्या, अस्सल गावठी, १३ वर्षं जगला, मग एक दत्तक घेतलेली लॅब होती, आणि आता चिंगी. शिवाय आठवड्यातून दोनदा लोकांची तीन-चार कुत्री माझ्यासोबत असतात. मी डॉक्टर नाहीये, त्यामुळे औषधांचे डोस मला विचारू नका, ते तुमच्या व्हेटला विचारा.

तर मुद्दा असा आहे की कुत्रा "मी दमलो" असं कधीच सांगत नाही. माणूस कसा, दगडावर बसतो, पाणी पितो, "जाऊ दे रे, इथूनच मागे फिरू" म्हणतो. लॅब यातलं काहीही करत नाही. तुम्ही चालताय ना, मग तो चालणार, शेपूट हलवत चालणार, आणि ज्या क्षणी तो स्वतःहून आडवा होतो त्या क्षणी आधीच उशीर झालेला असतो. म्हणजे मागे कधी फिरायचं हे ठरवायचं काम पूर्णपणे तुमचं. एवढं जमलं तर बाकी सगळं शिकता येतं.

हे मी पुस्तकी सांगत नाहीये, माझ्या हातून घडलंय. आमची लॅब चार वर्षांची होती, एप्रिल महिना, घरी पाहुणे होते म्हणून निघायला उशीर झाला आणि आम्ही सात वाजता पंचवटीकडून चढलो. वर वेताळबाबाच्या देवळापर्यंत मस्त गेली. येताना पावणेनऊ झाले असतील, खाणीच्या बाजूच्या त्या उघड्या काळ्या कातळावरून येताना मला वाटलं जरा हळू झालीये, पण शेपूट हलत होती. मग तिची जीभ बघितली. नेहमीची जीभ लांब आणि टोकाला निमुळती असते, तिची एकदम रुंद झालेली, उलथन्यासारखी चपटी, टोक वर वळलेलं, आणि रंग गुलाबी नाही तर पिकलेल्या जांभळाकडे झुकलेला लाल. लाळ पातळ नाही, चिकट, तारेसारखी. आणि ती सावली शोधत होती, म्हणजे एका इतक्याशा झुडपाखाली डोकं घालून उभी, बाकी सगळं अंग उन्हात. मी हाक मारली तर माझ्याकडे बघितलं पण जणू ओळखच नाही. मग पोटावर, मांड्यांच्या आतून, काखेत, पंजांवर असेल नसेल ते सगळं पाणी ओतलं, दोन अनोळखी आजोबांनी त्यांच्या बाटल्या दिल्या, एकाने टोपीने वारा घातला, आणि वीस मिनिटांनी तिची नजर परत आली. दवाखान्यात नेली तेव्हाही ताप १०४ होता, म्हणजे वर किती असेल त्याचा अंदाज करा. कुत्र्याचं नॉर्मल १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, १०५ च्या पुढे गेलं की आतले अवयव धोक्यात.

तेव्हापासून माझा नियम असा की फेब्रुवारीच्या शेवटापासून पाऊस पडेपर्यंत साडेसातच्या आत कुत्रा टेकडीवरून खाली. चढायला सुरुवात साडेसातला नाही, खाली उतरलेलं साडेसातला. कुत्र्याला घाम येतो तो फक्त पंजांच्या गाद्यांना, तेवढ्याने काही होत नाही, बाकी सगळं थंड व्हायचं काम जिभेवर आणि धापा टाकण्यावर, आणि हवा दमट असेल तर तेही नीट होत नाही. म्हणून जूनमधला ढगाळ पण घुसमटलेला दिवससुद्धा वाईट. पग, शित्झू, बुलडॉग असली चपट्या नाकाची मंडळी तर मी टेकडीवर घेतच नाही, कोणाला राग आला तर येऊ दे.

आणि चुकून असं झालंच तर आधी थंड करा मग गाडीत घाला, उलटं नको. साधं पाणी चालतं, बर्फ शोधत बसायची गरज नाही. ओला टॉवेल अंगावर पांघरून तसाच ठेवू नका, तो थोड्या वेळात गरम होतो आणि उष्णता आतच धरून ठेवतो, पाणी ओतत राहा आणि वारा घाला. शुद्धीत असेल तर थोडं थोडं पिऊ द्या, बळेच तोंडात ओतू नका. आणि उठून शेपूट हलवायला लागला तरी डॉक्टरकडे न्याच, कारण किडनी लिव्हरचं, रक्त गोठण्याचं जे काही बिघडतं ते एक-दोन दिवसांनी दिसतं.

आता तुमच्या लॅबचं. ३८ किलो हे १४ महिन्यांच्या लॅबला जास्त आहे हो. पूर्ण वाढलेल्या नराचं साधारण २९ ते ३६ धरतात. बरगड्यांवर हात फिरवा, न दाबता हाताला लागल्या पाहिजेत, वरून बघितलं तर कंबर दिसली पाहिजे. नसेल दिसत तर आधी घरातल्या आजीला सांगा की पोळीचे तुकडे बंद (प्रत्येक घरात एक पोळी देणारी आजी असते, आमच्याकडे ती मीच आहे). शिवाय मोठ्या जातींची हाडं दीडेक वर्षापर्यंत वाढत असतात आणि लॅबमध्ये खुब्याचा त्रास सर्रास असतो, त्यामुळे दीड वर्षाचा होईपर्यंत खडकांवरून उड्या, पायऱ्या पायऱ्यांचे लांब उतार, उतरताना पळणं हे टाळा. चढ त्याला तेवढा त्रास देत नाही, उतार देतो, कारण उतरताना सगळं वजन पुढच्या पायांवर येतं.

म्हणजे पहिल्या रविवारी वेताळबाबापर्यंत जायचंच नाही. चढा, वीस मिनिटं चाला, फिरा मागे. लोक म्हणतील एवढ्यासाठी आलात का, म्हणू देत. पुढच्या रविवारी तीस मिनिटं, मधे आठवड्यात दोनदा साध्या रस्त्यावर अर्धा तास. साताठ आठवड्यांत तो आरामात दीड तास करेल, तोवर पंजांच्या गाद्याही मुरमाला आणि दगडाला सरावतील. सोसायटीच्या गुळगुळीत फरशीवर वाढलेल्या कुत्र्याच्या गाद्या लहान बाळाच्या टाचेसारख्या असतात, पहिल्याच दिवशी दोन तास चालवलं तर सोलून निघतात. बुटांचं विचारलंय तुम्ही, तर माझ्या मते आपल्याकडे गरज नाही, बहुतेक कुत्री त्यात घोड्यासारखी चालतात आणि पंजाला आलेला घाम आतच राहतो. एक मात्र बघा, टेकडीवर फुटलेल्या बाटल्यांच्या काचा असतात, शनिवारी रात्री कोण काय करून जातं ते सगळ्यांना माहितीये, त्यामुळे रविवारी सकाळी कट्ट्यांच्या आणि कातळाच्या आसपास कुत्रा जवळ धरा.

पट्टा. यावर माझी भांडणं होतात पण सांगते. पट्टा काढायचा नाही. "आमचा काही करत नाही हो" हे वाक्य मी १८ वर्षांत इतक्यांदा ऐकलंय की त्याची पाटी करून टेकडीच्या पायथ्याशी लावावीशी वाटते. तो काही करत नसेल, पण समोरून येणाऱ्या आजींना ते माहीत नसतं, आणि ३८ किलोचा लॅब प्रेमाने अंगावर आला तरी खुबा मोडतो. शिवाय टेकडी ही बाग नाहीये. मोर आहेत, मुंगूस आहे, ससे आहेत, आणि जमिनीवर अंडी घालणारे पक्षी आहेत. टिटवी उन्हाळ्यात उघड्या मुरमावर चार अंडी घालते, घरटं म्हणजे नुसती खडे मांडलेली खळगी, तुम्हाला दोन फुटांवरून दिसणार नाही. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालायला लागली की समजा तुम्ही तिच्या अंड्यांजवळ आहात, मुकाट्याने आल्या वाटेने दहा-वीस पावलं मागे जा. मोकळा कुत्रा असेल तर तो तिच्याच मागे धावणार.

पट्टा साधा, पाच-सहा फुटी, जाड नायलॉनचा किंवा सुती. तो बटण दाबून लांब होणारा नको, झुडपात अडकतो आणि ऐनवेळी हातातून सुटला की ती प्लॅस्टिकची मूठ खडखडत मागे येते आणि कुत्रा घाबरून आणखी पळतो. छातीवरून जाणारा हार्नेस घ्या, घसरला तर वर उचलायलाही बरा पडतो. गळ्यात वेगळा साधा पट्टा, त्यावर तुमचा फोन नंबर.

टेकडीवरची भटकी कुत्री हा सगळ्यांना भीतीचा विषय. त्यांच्या टोळ्या ठरलेल्या, हद्दी ठरलेल्या. समोर आली तर थांबू नका, ओरडू नका, स्वतःच्या कुत्र्याला उचलायला तर अजिबात जाऊ नका, पट्टा आखडून कुत्रा स्वतःच्या बाजूला घ्या आणि जरा बाहेरून वळसा घालून, तुम्हाला भाजी आणायला जायचंय अशा थाटात चालत राहा. अगदीच अंगावर आली तर नुसतं खाली वाकून दगड उचलल्यासारखं करायचं, ही खूण महाराष्ट्रातल्या प्रत्येक कुत्र्याला कळते. आणि कोणी तिथे बिस्किटं घालत असेल तर त्या जागेपासून लांब, खाण्याच्या जागी भांडणं होणारच. रेबीजचं इंजेक्शन दरवर्षीचं झालेलं पाहिजे हे सांगायला नको.

आता कुसळं. तुम्ही दिवाळीनंतर सुरू करताय म्हणजे नेमका हाच सीझन, आणि हे कोणीच सांगत नाही म्हणून जरा सविस्तर लिहिते. पाऊस संपला की टेकडीवरचं गवत वाळतं आणि त्याचं कुसळ सुटतं, आपल्या मोज्यात घुसतं तेच. ते बघितलंत कधी नीट? एका टोकाला सुईसारखं अणकुचीदार बी, त्यावर मागे वळलेले बारीक केस, आणि मागे पिळलेली लांब शेपटी. ओल लागली की ती शेपटी उलगडते, वाळली की परत पिळते, म्हणजे ते अक्षरशः स्क्रूसारखं आत आत जातं, आणि मागे वळलेल्या केसांमुळे परत बाहेर येत नाही. जमिनीत रुजण्यासाठी केलेली सोय, पण कुत्र्याच्या कानात, बोटांच्या मधल्या कातडीत, डोळ्यात, नाकात तेच होतं. चिंगीला गेल्या वर्षी झालं. घरी आली, ठीक होती, संध्याकाळी डावीकडे मान वाकडी करून डोकं झटकायला लागली, कान फडाफड, मला वाटलं पाणी गेलं असेल. सकाळपर्यंत कानाला हात लावू देईना. डॉक्टरांनी गुंगीचं औषध देऊन लांब चिमट्याने दोन कुसळं काढली, एक पडद्याला टेकलेलं. लॅबचे तर कान लोंबते, तुमच्याकडे ते दिसणारसुद्धा नाही. नोव्हेंबर ते जानेवारी गवतात घुसू देऊ नका, पायवाटेवरच चाला, आणि घरी आल्यावर कानाच्या आत, बोटांच्या मधे, काखेत, शेपटीखाली बोटांनी चाचपा. दोन बोटांच्या मधे लालसर फुगवटा दिसला आणि सारखा चाटतोय तर आत कुसळ आहे असंच धरून चाला. सराटे वेगळे, ते गादीत टोचतात, कुत्रा लगेच पाय उचलून उभा राहतो आणि तुमच्याकडे बघतो, उपटलं की झालं, त्यात काही नाही.

गोचिडांचं थोडक्यात. गोचीड चावल्यावर एक ते तीन आठवड्यांनी ताप, जेवण बंद, मलूल, हिरड्या पांढऱ्या, कधी नाकातून रक्त, याला लोक टिक फीव्हर म्हणतात, एर्लिकिया नाहीतर बबेसिया या जंतूंमुळे होतो. पुण्यात भरपूर आहे. महिन्याची किंवा तीन महिन्यांची चावून खायची गोळी मिळते ती टेकडी सुरू करायच्या आधीच सुरू करा, फक्त कुत्र्याला कधी फिट आली असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. डबक्यातलं पाणी पिऊ देऊ नका, खाणीतलंसुद्धा, उंदराच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा आजार) होतो, त्याची लस असते पण ती दरवर्षी घ्यावी लागते आणि लेप्टोच्या सगळ्या प्रकारांना पुरत नाही. हां, आणि टेकडीवर गिरिपुष्पाची झाडं खूप लावलीत, त्यालाच उंदीरमारी म्हणतात, नाव उगाच पडलेलं नाही, तुमचा सोफा खाणारा त्याच्या काटक्या चघळत बसणार नाही एवढं बघा.

साप. घाबरवत नाही, इतक्या वर्षांत माझ्या कुठल्याच कुत्र्याला चावलेला नाही, पण खडकाळ टेकडीवर फुरसं असतं, घोणसही असते, आणि कुत्रा नाक घालतो म्हणून चावा तोंडावर किंवा पुढच्या पायावर बसतो. भराभर सूज येते. दोरी बांधू नका, कापू नका, चोखू नका, त्याला चालवू नका, उचलून खाली आणा. ३८ किलो उचलायचंय, म्हणून एकटे जाऊ नका. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच प्रतिसर्पविष चालतं आणि कुत्र्यांनाही तेच देतात, पण प्रत्येक दवाखान्यात ते नसतं. म्हणून हे काम आजच करा, आपल्या भागातल्या दोन-तीन दवाखान्यांना फोन करून विचारा की रविवारी सकाळी सातला कोण उघडं असतं आणि कोणाकडे ते इंजेक्शन असतं, आणि नंबर फोनमध्ये ठेवा. बुटांपेक्षा हे जास्त उपयोगाचं.

सिंहगड महिन्याभरात नाही. वेताळ टेकडी समुद्रसपाटीपासून आठशे मीटरच्या आसपास आणि आपलं पुणंच साडेपाचशेवर, म्हणजे तुम्ही अडीचशेही चढत नाही. सिंहगड १३०० च्या पुढे, पायथ्याच्या अतकरवाडीतून साधारण तिप्पट चढ, मधे सावली कमी, आणि तेवढंच परत उतरायचंय, मघाशी सांगितलं तसं पुढच्या पायांवर. तो दीड वर्षाचा झाला, वजन उतरलं, टेकडीवर दीड तास सहज करतोय असं झालं की थंडीतल्या एखाद्या कामाच्या दिवशी जा, रविवारी नको, रविवारी तिथे लक्ष्मी रोडसारखी गर्दी असते. पहाटे अंधार सरता सरता सुरू करा. वर माकडं आहेत, ती पिशव्या हिसकतात आणि कुत्र्याला खिजवतात. आणि गडावरची कुत्री पायथ्यापासून तुमच्यासोबत चालायला लागतात, बिचारी गुणी असतात, पण तुमच्या कुत्र्याला ते पटेलच असं नाही, त्यामुळे त्यांना खाऊ घालायचा मोह आवरा.

वर पोचल्यावर कांदाभजी. इथे सगळे चुकतात. तुम्ही खाणार, तो समोर बसून लाळ गाळणार, आणि कोणीतरी एक भजी टाकणार. कांदा कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतो, कच्चा, तळलेला, पिठल्यातला, कसाही. एका भज्याने ३८ किलोचा लॅब मरणार नाही, पण चौघांनी दोन-दोन टाकल्या तर गोष्ट वेगळी, आणि त्रास लगेच दिसत नाही, तीन-चार दिवसांनी लघवी गडद होते आणि कुत्रा मलूल. मनुका, बेदाणे असलेला तुमचा ड्रायफ्रूटचा डबाही त्याच्यापासून लांब, ते किडनीवर जातं. दही-भाकरीतली कोरडी भाकरी द्या तुकडाभर, खूश.

कुठे न्यायचंच नाही तेही लिहिते. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, कर्नाळा, भीमाशंकर, हरिश्चंद्रगड हे सगळं राष्ट्रीय उद्यान नाहीतर अभयारण्य आहे, तिथे पाळीव कुत्रा न्यायचा नाही, कोणी बघत नसलं तरी नाही. २०१८ मध्ये गीरमध्ये वीसहून जास्त सिंह मेले तेव्हा कॅनाइन डिस्टेंपरचा विषाणू सापडला होता, कुत्र्यांना होतो तोच. आणि उलट बाजूने बघितलं तर बिबट्यासाठी कुत्रा म्हणजे ताटात वाढलेलं जेवण. बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अथ्रेया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले भागात बिबट्यांच्या विष्ठेवरून त्यांचं खाणं तपासलं तर वजनाच्या हिशोबाने ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. त्यामुळे जुन्नर, अकोले, पानशेत बाजूला कुत्रा घेऊन तंबूत मुक्काम करायच्या रील्स बघून हुरळून जाऊ नका. महापालिकेच्या बहुतेक बागांना गेटवरच पाटी असते, आणि टेकडीवर वनखात्याच्या पाट्या असतात त्याही वाचा, वेळा बदलत असतात.

सामान हवंच होतं ना? दोघांचं मिळून किमान तीन लिटर पाणी, त्यातलं दीड त्याचं, घडीचं रबरी भांडं, दर पंधरा-वीस मिनिटांनी पाजायचं, तो मागेल याची वाट बघायची नाही. चिमटा, एक रोलर बँडेज, शी उचलायच्या पिशव्या (हो, टेकडीवरसुद्धा उचलायची, आणि पिशवी झुडपात टांगून यायचं नाही, ती खाली घेऊन यायची), एक जुनी चादर जिच्यात घालून दोघांना त्याला उचलता येईल. जेवण निघायच्या निदान दोन-तीन तास आधी किंवा परत आल्यावर तासाने. मोठ्या कुत्र्याचं पोट भरलेलं असताना पळापळ झाली तर पोटाला पीळ पडू शकतो, ती इमर्जन्सी असते.

परत आलात की आधी पाणी, मग गॅलरीत बसवून ती कुसळं-गोचिडांची तपासणी, दहा मिनिटं, कानाच्या घडीत आणि बोटांच्या मधे जास्त वेळ. मग झोपू द्या. दुपारभर उठणार नाही, सोफ्याकडे बघणारसुद्धा नाही. संध्याकाळी उठला आणि पहिली चार पावलं अवघडून टाकून नीट चालायला लागला तर ठीक, तेवढं चालतं. लंगडत राहिला, किंवा जिना चढायला का कू करायला लागला, तर पुढचा रविवार घरी, आणि त्याच्या पुढच्या वेळी परत वीस मिनिटांपासून.